पालथ्या होडीचा शेंदूर

वैशाख लागला की माझ्या नखांत शेंदूर जातो आणि पुढचे पंधरा दिवस निघत नाही. हातमोजे घालते, पण ते तिसऱ्या दिवशी फाटतात. साबण, राख, लिंबाची साल, सगळं करून बघते. परवा व्हिडिओवर रेवा म्हणाली, "आजी, तू नेलपेंट लावायला लागलीस?" आणि ईशान मागून खो-खो हसला. मग नेहमीचा प्रश्न आला, "तू येणार कधी?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "शेंदूर लावून झाला की बघते." चार वर्षं मी हेच सांगतेय. तुम्ही लहान होतात तेव्हा ते पुरत होतं. या वेळी रेवा नुसतीच गप्प राहिली. ती गप्प राहिली की हुबेहूब आबांसारखी दिसते. म्हणून आज दुपारची झोप सोडून तुम्हा दोघांना लिहायला बसले.

जळकोटच्या आपल्या शेतात, घरापासून साठ पावलांवर, चिंचेखाली एक बारा फुटांची शिडाची होडी पालथी पडली आहे. फोटोत तुम्ही ती पाहिली आहे. समुद्र इथून एका लांबलचक दिवसाच्या प्रवासावर. पण तुमचे आबा याच गावचे असून नौदलात सुतार होते, आणि निवृत्त झाल्यावर कुठल्याशा क्लबनं मोडीत काढलेली ही होडी त्यांनी ट्रकवर घालून आणली. हायवेवरच्या चहाच्या टपरीशी गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, "कप्तान, होडी आणली, पाणी कवा आणताव?" आबा ट्रकमधूनच म्हणाले, "आधी भांडं तर येऊ द्या!" त्या दिवसापासून ते गावाचे कप्तान झाले आणि मी मात्र बाईच राहिले, शाळेत सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. आपल्या शेताखाली साठवण तलाव आहे. तो भरला की दसऱ्यापासून होळीपर्यंत आबा त्याच्यावर होडी फिरवत. तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत जायला वारा असेल तर दहा मिनिटं लागत. दहा मिनिटांच्या त्या प्रवासासाठी ते अर्धा तास तयारी करायचे, आणि मला ते मुळीच वेडेपणाचं वाटायचं नाही, कारण मीही भाजी आणायला जाताना यादी दोनदा लिहिते.

होडी म्हणजे तिचं बूड, असं ते म्हणत. वरचा रंग बघणाऱ्यांसाठी, बुडाचा रंग पाण्यासाठी. त्या वर्षी बुडाच्या रंगाला फोड आले होते, म्हणून थंडीतच त्यांनी होडी पालथी घातली आणि जुना रंग खरवडायला घेतला. नाकाकडून सुरुवात केली. निम्म्यापर्यंत आले. आणि माघात एका सकाळी हातातली खरवडायची पत्री खाली पडली, ती त्यांना उचलता आली नाही. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ पाच-सहा शब्द शिल्लक होते. हो, नको, पाणी, माझं नाव, आणि होडी.

तुमच्याकडे यायचं माझं तिकीट त्याच वैशाखातलं होतं. ते रद्द झालं. पासपोर्ट कपाटात गेला आणि त्याच्यावर गोळ्यांचा डबा बसला. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ. मधल्या वेळात अंघोळ, कूस बदलणं, पेज, पाठीला पावडर. हाकेच्या टप्प्यापलीकडे जाता येत नव्हतं. टप्पा मी मोजला होता, चिंचेपर्यंत. चिंचेपलीकडून त्यांची हाक ऐकू येत नसे, म्हणून चिंचेपलीकडे माझं जग संपलं. हायवेवरून तुळजापूरच्या गाड्या जात, लोक खिडकीतून हात बाहेर काढून जयजयकार करत, आणि मी ओसरीत उभी राहून त्या गाड्यांच्या मागच्या पाट्या वाचत असे. ऊन असं की दहा वाजता कुलपाला हात लावला तर चटका बसावा. घरात भिंतीवर एक पाल होती. ती दुपारभर एकाच जागी असे. मी तिला नाव ठेवलं नाही, पण ती दिसली नाही तर शोधायचे.

आबांच्या खुर्चीतून तलाव दिसायचा. तोही आकसत चालला होता. दर रविवारी पाण्याच्या कडेला मी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एक वीट ठेवून घ्यायची. ती माझी सवय. जे हातात नसतं त्याची निदान नोंद तरी ठेवावी. पाणी मागं सरकायचं, वीट कोरडी पडायची, पुढची वीट तिच्या खाली. चैत्र संपताना उताराच्या भेगाळ चिखलावर विटांची एक ओळच उभी राहिली. आबा ती ओळ बघत बसायचे. मग डाव्या हातानं चिंचेकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "होडी." मग तलावाकडे बोट करून, "पाणी." दिवसातून वीस वेळा. त्याचा अर्थ लावायला इंग्रजीची पदवी लागत नव्हती. पाणी आहे तोवर त्यांना एकदा होडीत बसायचं होतं. पुढच्या वर्षीच्या पाण्याचा भरवसा आम्हा दोघांपैकी कुणालाच नव्हता, आणि ते आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

म्हणून एका पहाटे मी पत्री उचलली. जिथं त्यांचा हात थांबला होता तिथं बुडावर एक सरळ रेघ होती. अलीकडे स्वच्छ पिवळसर लाकूड, पलीकडे फोड आलेला हिरवा रंग. त्या रेघेपासून मी सुरू केलं. पाच ते साडेसात, आबा जागे होऊन खुर्चीत बसले की. त्यांच्या हाताशी स्टीलचा पेला होता. मी पहिला घाव घातला आणि ओसरीतून आवाज आला, टण्! पेला खुर्चीच्या दांड्यावर आपटला होता. मी थांबले. पुन्हा खरवडलं. टण्! पत्री तिरपी धरली. टण्! शेवटी मी वैतागून ओरडले, "अहो, मग कसं?" ते डाव्या हातानं हवेत लांब रेघ ओढत राहिले. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं खरवडायचं होतं, मी आडवं खरवडत होते. तसं केलं तेव्हा पेला दोनदा वाजला, टण् टण्. एकदा म्हणजे चूक, दोनदा म्हणजे बरोबर. सदतीस वर्षं मी वर्गात टेबलावर डस्टर आपटला, त्याची सगळी परतफेड त्या उन्हाळ्यात झाली.

रंग निघताना त्याचा एक वास येतो, जुन्या औषधासारखा. हिरव्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा कुठलासा मातकट लाल. घामावर रंगाची पूड बसायची आणि मी अंगभर हिरवी-निळी होऊन आबांना अंघोळ घालायला जायची. पांढऱ्या थरावर एका जागी खुरांचे ठसे सापडले, एक रांग, मधल्या रेघेपासून शेपटापर्यंत. मला हसू फुटलं. ती शेवंताबाईंची शेळी. शेवंताबाई आपल्या बांधावरून रोज शेळ्या-मेंढ्या घेऊन जातात. त्याच्या पाच-सहा वर्षं आधी आबांनी ताजा पांढरा रंग दिला होता आणि त्यांची शेळी थेट बुडावरून चालत गेली होती. आबा संतापले. शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "कप्तान, तिला काय म्हाईत ही तुमची बोट हाय? तिला वाटलं टेकाड." आबांनी त्या ठशांवरच पुढं हिरवा रंग चढवला होता. त्या ठशांपाशी माझा हात थबकला. ठेवावेत का थोडे? ओसरीकडे पाहिलं. पेला दोनदा वाजला. खरवडले.

लाकूड उघडं झालं, भेगांत कापूस आणि वर पुट्टीसारखी लांबी भरली. पुढं काय, ते आबांच्या वहीत होतं. बुडाला रेड लेड आणि जवसाचं तेल, दोन हात. मी शेवंताबाईंना ओसरीत बसवून तुळजापूरला गेले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच गाडीत बसले होते आणि सारखी घड्याळ बघत होते. रंगाच्या दुकानात तो माणूस म्हणाला, "रेड लेड आता कुणी ठेवत नाही बाई, फाटकाचा रेड ऑक्साईड नेता का?" वहीत रेड ऑक्साईड नव्हतं. आणि मला शब्दांचे अर्थ नीट ठाऊक असतात, ती माझी खोड. रेड लेड म्हणजे शेंदूर. सरळ मंदिराच्या रस्त्यावर पूजेच्या दुकानात शिरले.

"मारुतीला का म्हसोबाला?" दुकानदारानं विचारलं.

"दोघांनाही नाही."

"मग देव केवढा हाय, ते तरी सांगा. तेवढा शेंदूर देतो."

"बारा फूट."

त्यानं तराजू खाली ठेवला. "बारा फूट? कुठं निघाला हो?"

"जळकोटला. देव नाही, होडी आहे."

त्यानं पुड्या बांधल्या, वर एक उदबत्तीचा पुडा तसाच दिला.

परातीत जवसाच्या तेलात शेंदूर कालवला, दोन हात दिले. चिंचेखाली ते बूड इतकं भगवं-लाल पेटलं की हायवेवरून दिसावं. आबांचा पेला दोनदा वाजला, आणि थोड्या वेळानं परत दोनदा. त्याच रात्री त्यांच्या छातीत कफ झाला. मी त्यांना घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात गेले. आठ दिवस.

परत आलो तेव्हा विटांपलीकडे पाणी आणखी मागं गेलं होतं. आणि चिंचेखाली बायका होत्या. होडीपुढं नारळांच्या कवट्या, हिरव्या बांगड्या, खण, लिंबं. शेंदरावर हळदी-कुंकवाची बोटं. नाकाच्या कडीत माझ्या परसातल्या जास्वंदीचा हार. मी गाडीतून उतरून तशीच गेले. शेवंताबाई पदर सावरत पुढं आल्या.

"बाई, आलाव? कप्तान बरं हाईत? आईनं राखलं."

"कोणत्या आईनं?"

"ही की." त्यांनी बुडावर हात ठेवला. त्यांची एक शेळी इथंच चिंचेखाली अडली होती. दुपारपासून कळा देत होती, पिल्लू आडवं. समोर शेंदराचं हे एवढं मोठं अंग दिसलं. "म्या म्हणले, आई, तू कोण हाईस म्हाईत न्हाय, पर हिला मोकळी कर. घडीभरात दोन पिल्लं झाली बगा, दोन्ही जित्ती."

"अहो शेवंताबाई, ही होडी आहे! तुमची शेळी हिच्यावरून चालत गेली होती. शेंदूर मी लावलाय, माझ्या हातानं."

"मग? देव काय सोताच्या हातानं लावून घेतोय व्हय? माणूसच लावतंय की."

 

मी समजावून पाहिलं. होडी उलटायची आहे, पाण्यात न्यायची आहे, आबांना बसवायचं आहे. बायकांचे चेहरे कसनुसे झाले. एक म्हातारी म्हणाली, "देवीला उताणी करून वर पाय ठेवायचं? बाई, तुमी शिकलेल्या हाव, आमी काय सांगावं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ माणसांशिवाय होडी हलत नाही, आणि गावातली आठ माणसं आता तिला हात लावायला तयार नव्हती. शेंदूर खरवडून काढावा, तर शेंदूर खरवडणं म्हणजे काय हे मी इथं जन्मल्यामुळे न सांगता जाणत होते. तीन दिवस गेले. तलावात पाणी उरलं होतं ते माणसाच्या छातीइतकं. आबा पेला आपटत नव्हते, ते जास्त वाईट होतं. नुसते बघायचे. मी त्या तीन दिवसांत घरातला प्रत्येक डबा धुऊन, पुसून, चिठ्ठी लावून ठेवला. माझ्याच हातानं मी त्यांच्या होडीला कुलूप घातलं होतं, आणि तेही वहीत लिहिल्याप्रमाणे, दोन हात देऊन.

चौथ्या दिवशी शेवंताबाई दूध घेऊन आल्या आणि ओसरीत टेकल्या. आबांच्या नजरेच्या रोखानं त्यांनीही तलावाकडे पाहिलं.

"कप्तान काय बघत्यात?"

"पाणी," मी म्हणाले. "पाणी असेतो एकदा होडीत बसायचं आहे. बाकी काही मागत नाहीत ते."

त्या उठून चिंचेपर्यंत गेल्या, होडीभोवती एक फेरी मारली आणि परत आल्या. "बाई, सगळे देव गंगेला न्हायला जात्यात. हिला कोण नेलंय? शेंदूर लावल्यापास्नं आंघोळ न्हाय आईला."

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं.

"हलगी लावून नेऊ. न्हाऊ घालू. कप्तान बसतील."

"आणि पाय? त्या दिवशी त्या आजी म्हणाल्या..."

"लेकराचे पाय आईच्या पोटाला लागत न्हाईत व्हय? काय बी बोलतेत." मग त्यांनी बोट वर केलं. "पर एक. न्हाणं झालं की आई परत हितंच, अशीच पालथी. आन दर वैशाखात शेंदूर. ज्या हातानं पैला लावला, त्याच हातानं."

मी हो म्हणाले. विचार न करता दिलेला शब्द असा माझ्या आयुष्यात तो एकच.

बैलगाडीवर होडी, पुढं हलगी, मागं बायका, आणि सर्वांत मागं चार जणांनी उचललेल्या खुर्चीत तुमचे आबा. उतारावर माझ्या विटांच्या ओळीशेजारून आम्ही खाली गेलो. ऊन कलतं होतं. होडी पाण्यात टेकली तेव्हा बायकांनी तिच्यावर तांब्यानं पाणी घातलं, आणि आबांना दोन उशांमध्ये नीट बसवलं. मी सुकाणू धरलं. शिडाला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

आणि दोर. त्याबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे, बाकीचं सगळं तुमच्या बाबांना ठाऊक आहे. होडीच्या नाकाच्या कडीत मी दोर बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या गाडीच्या चाकाला. आबांनी मला पूर्वी एक गाठ शिकवली होती, कितीही ताण आला तरी धरते आणि सोडायची तेव्हा क्षणात सुटते. ती मारली. मग मला भीती वाटली. म्हणून तिच्यावर माझ्या साध्या गाठी मारल्या, एकावर एक तीन. एका बाजूनं लुळा माणूस, छातीभर पाणी, मला पोहता येत नाही. माझं काय चुकलं, सांगा.

पश्चिमेकडून वारा आला. अगदी थोडा. शीड फडफडलं, मग पोट काढून उभं राहिलं आणि होडी चालायला लागली. खालून पाण्याचा आवाज आला, चुळकचुळक. आबांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. हसू पुरतं पसरायच्या आत दोर ताणला गेला, होडीला हिसका बसला आणि ती थांबली. शीड भरलेलं, वारा आहे, आणि होडी जागच्या जागी थरथरते आहे. दावणीला बांधलेल्या जनावरासारखी.

आबांनी दोराकडे पाहिलं. डावा हात पुढं केला, पोचला नाही. मग म्हणाले, "दोर." हा शब्द त्यांच्याजवळ उरलेल्या शब्दांत नव्हता. तो त्यांनी कुठून खणून काढला कोण जाणे.

मी म्हणाले, "हो, घट्ट आहे दोर. काळजी नको."

"दोर," ते पुन्हा म्हणाले.

मुलांनो, मी सदतीस वर्षं मुलांना उताऱ्यातल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखायला शिकवलं. त्या दिवशी मी न कळल्यासारखं केलं. "नाही सुटणार हो," असं म्हणून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वारा पडला. काठावरून माणसांनी दोर ओढायला सुरुवात केली. तेव्हा आबांनी होडीच्या काठावर बोट वाजवलं. टक्. मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

आश्विनात ते गेले. तेव्हा तलाव भरलेला होता. होडी त्या संध्याकाळीच शब्दाप्रमाणे चिंचेखाली पालथी झाली होती. दोर तसाच कडीत राहिला, आणि बायका त्याला आईची वेणी म्हणू लागल्या. दर वैशाखात मी शेंदूर लावते. होडी होती तोवर रंग खरवडायचा असे, नवा हात देण्याआधी जुनं सगळं काढून लाकडापर्यंत जायचं. देवाचं तसं नसतं. देवावर फक्त चढत जातं. चार वर्षांत बुडाच्या कडा गोल झाल्या, फळ्यांच्या रेषा बुजल्या. आत ते पिवळसर लाकूड आहे, निम्मं त्यांनी साफ केलेलं आणि निम्मं मी, आणि मधली रेघ आता मलाही दाखवता येणार नाही.

मला बांधून ठेवलंय, असं मी तुमच्या बाबांना सांगत आले. गावाला शब्द दिलाय, माझ्याच हातानं लागतो शेंदूर, कशी येऊ? त्यात खोटं काही नव्हतं. पण ते फार सोयीचं होतं.

आज सकाळी शेंदूर कालवत होते तर शेवंताबाई आल्या. त्यांची शेळी, त्या दिवशी जन्मलेल्या दोघांपैकी एक, मागं होती.

"बाई, नातरं बोलवत्यात म्हणं तुमाला. कामून जात न्हाईत?"

"तुम्हीच तर म्हणालात, ज्या हातानं पहिला..."

"म्हणले व्हते." त्या माझ्यासमोर बसल्या. "तवा म्हणले. तुमी होडी घिऊन जाताल, परत आणणार न्हाईत, आसं वाटलं मला. म्हणून घातली आट. आईनं न्हाय घातली."

"चार वर्षांत बोलला नाहीत ते!"

"तुमी तरी कुठं इचारलं? दर साली नेमानं लावताव, मला वाटलं तुमालाच आवडतंय." आणि हात पुढं केला. "एकडाव माझ्या हाताला धरून वढा, मग झालं. आईला कळतंय की."

मी त्यांच्या मुठीवर मूठ ठेवली आणि ब्रश लाकडाच्या रेषेनं एकदा ओढला. मग हात काढून घेतला. शेवंताबाई रेषेच्या दिशेनंच लावत गेल्या. मी सांगायची गरज पडली नाही.

हात रिकामे झाले तेव्हा काय करावं सुचेना, म्हणून होडीच्या नाकाशी खाली बसले. दोर तिथंच होता. पाणी पिऊन, चार उन्हाळे वाळून, वर कुंकू माखून गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. नखं तुटली, मग घरातून स्क्रू ड्रायव्हर आणला. वरच्या तीन माझ्या. त्यांच्या खालची आबांची, ती हात लावताच सुटली. सगळं मिळून अर्धा तास लागला. त्या दिवशी तलावावर एक मिनिट लागलं असतं.